वेग दुप्पट, जोर चौपट

(आपत्ती व्यवस्थापन विषयावरील अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित अंश)



वादळ आणि महापूर ही दोन संकटे आपण वेगवेगळी मानतो. एकाचे साधन वारा, दुसऱ्याचे पाणी. विज्ञानाच्या दृष्टीने मात्र ही दोन्ही एकाच कुळातली आहेत. ज्याला स्वतःचा आकार नाही आणि किंचित तिरका रेटा लागताच जे वाहू लागते, ते ‘द्रायु’. द्रव आणि वायू दोन्ही त्यात येतात आणि दोहोंच्या गतीचे नियम समान आहेत.

पहिला नियम रेट्याचा. वाहत्या द्रायूचा दाब त्याच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो, तर तेवढ्याच पाण्याचे १००० किलो. म्हणून सेकंदाला एक मीटर, म्हणजे आपल्या संथ चालीच्या गतीने वाहणारे पाणी ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्याइतका रेटा देते. प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे पन्नास किलोचा भार! वेग सेकंदाला दोन मीटर होताच तो दोनशे किलोवर जातो.

दुसरा नियम सातत्याचा. पात्र अरुंद झाले की तेवढेच पाणी पुढे जाण्यासाठी वेग वाढतो. पुलाच्या कमानींपाशी नेमके हेच घडते. काठाशी पाणी संथ दिसते, म्हणून मध्यभागीही ते तसेच असेल, हे अनुमान घातक ठरते.

तिसरा नियम डॅनिएल बर्नोली यांनी १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून पुढे आला. प्रवाहात वेग वाढतो तेथे दाब घटतो. वादळात छपराच्या कडेवरून वारा वेगाने वळतो, तेथे दाब उतरतो. उघड्या दारातून शिरलेला वारा आतला दाब वाढवतो. पत्रा असा वरून ओढला आणि आतून उचलला जातो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळले, तेव्हा रायगड-रत्नागिरीत असंख्य घरांची छपरे उडाली. छपराच्या कडा आणि कोपरे अधिक घट्ट बांधावेत आणि वाऱ्याच्या बाजूची दारे बंद ठेवावीत, यामागे हेच कारण आहे.

चौथा नियम आर्किमिडीजचा. बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका भार हलका होतो. लहान मोटारीचा तळ सुमारे पाच चौरस मीटर. पाणी त्याच्यावर केवळ वीस सेंटीमीटर चढले, तर १००० किलो भार उचलला जातो. लहान गाडीचे वजनही साधारण तेवढेच. आत पाणी शिरण्यापूर्वीच चाकांची पकड सुटते आणि मग बाजूचा रेटा तिला सहज लोटून देतो.

म्हणजे गाडी जड आहे, हा भरवसा पाण्यात टिकत नाही. आणि उत्तम पोहता येते, हाही नाही. दरवर्षी पावसाळ्यात बुडालेल्या पुलावरून गाडी घालण्याचे धाडस कुणीतरी करतो आणि एखादे कुटुंब उघडे पडते. आपण मदतीला धावणारे आहोत. तेव्हा पुलावर पाणी दिसताच वाहने अडवणे, हे आपले पहिले मदतकार्य आहे. वाट पाहण्यात दोन तास जातील, पाणी ओसरेल. गेलेला माणूस मात्र परत येत नाही.