लोकमान्यांचे खटले आणि अपिलाचा अधिकार



शिक्षा झालेला आरोपी वरच्या न्यायालयात अपील करतो, तेव्हा समाजात नाराजीचा सूर उमटतो. गुन्हा सिद्ध झाल्यावर आणखी किती सवलती द्यायच्या, असे विचारले जाते. हा प्रश्न विचारण्यापूर्वी लोकमान्य टिळकांचे खटले आठवावेत.

‘केसरी’तील लेखनावरून १८९७ साली लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयात न्या. स्ट्रॅची यांनी ज्यूरीला कलमातील ‘डिसअफेक्शन’ या शब्दाचा अर्थ समजावताना, सरकारविषयी प्रेमाचा अभाव म्हणजेच ‘डिसअफेक्शन’, असेही सांगितले. प्रेम नसणे निराळे आणि द्वेष चेतवणे निराळे. तो भेद पुसला गेला, तर कठोर टीका करणारा प्रत्येक संपादक गुन्हेगार ठरेल. ज्यूरीतील सहा युरोपियनांनी दोषी, तर तीन भारतीयांनी निर्दोष म्हटले. शिक्षा झाली दीड वर्षाची सक्तमजुरी.

न्यायाधीशांनी कायद्याचा अर्थच चुकीचा सांगितला, ही तक्रार मांडायची कुठे? उच्च न्यायालयातील ज्यूरी खटल्यावर तेव्हा अपिलाचा सर्वसाधारण हक्क नव्हता. प्रिव्ही कौन्सिलकडे जाण्यासाठी अनुमती मागावी लागे. ती ज्या पूर्णपीठाने नाकारली, त्यावर स्वतः स्ट्रॅचीही होते! पुढे लंडनमध्ये अ‍ॅस्क्विथ यांच्यासारख्या नामवंत वकिलाने बाजू मांडली. पण तेथेही अनुमती मिळाली नाही. १९०८ साली न्या. दावर यांच्यापुढे सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरून लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. तेव्हाही वरचे दार बंदच राहिले.

१९१६ साली मात्र चित्र पालटले. बेळगाव आणि अहमदनगर येथील स्वराज्यविषयक भाषणांबद्दल पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने लोकमान्यांकडून वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि दोन जामीनदार मागितले. हा आदेश उच्च न्यायालयाला तपासता येत होता. न्या. बॅचलर आणि न्या. शहा यांनी भाषणे सुटी वाक्ये काढून नव्हे, तर समग्र वाचली आणि आदेश रद्द केला. व्यक्ती तीच, आरोपाचे स्वरूप तेच. फरक होता तो फेरतपासणीच्या दाराचा.

उच्च न्यायालयातील अशा खटल्यांना अपिलाची वैधानिक तरतूद १९४३ साली मिळाली. आज अपील हा कायद्याने दिलेला हक्क आहे. मात्र प्रत्येक चुकीमुळे आरोपी सुटत नाही. त्या चुकीने न्याय हुकला काय, हे वरचे न्यायालय पाहते. किरकोळ दोषावरून शिक्षा रद्द होत नाही, ही पीडितासाठीही हमीच आहे.

न्यायाधीश हाही माणूसच. त्याच्या हातून चूक होऊ शकते. ती दुरुस्त करणारे दार उघडे असण्यातच न्यायसंस्थेची प्रतिष्ठा आहे. आज त्या दारावर नावडता माणूस उभा दिसला, तरी ते बंद व्हावे असे म्हणू नये. एकेकाळी त्याच बंद दाराबाहेर लोकमान्य उभे होते.