माळवदाच्या घराचे बळकटीकरण

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात साडेसात हजारांहून अधिक माणसे दगावली. बहुतेक स्वतःच्याच घराखाली. तेव्हापासून दगडी घराविषयी धास्ती बसली. वास्तविक दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. मातीत रचलेल्या जाड भिंतीचे आतील व बाहेरील थर परस्परांत गुंफलेले नसतात. हादऱ्याने ते अलग होऊन ढासळतात. वर माळवदावरील मातीचा भार असतोच.

असे घर पाडणे हाच एक मार्ग नव्हे. प्रथम माळवदावर साचलेली जादा माती उतरवावी. भिंतीत ठरावीक अंतरावर सळईयुक्त काँक्रीटचे आरपार बंधक बसवावेत, दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना जखडणारा सलग पट्टा द्यावा आणि खांब-तुळयांच्या सांध्यांना तिरके आधार जोडावेत. ही कामे अभियंत्याच्या सल्ल्यानेच व्हावीत.

जाड भिंतींमुळे वैशाखातही घरात गारवा राहतो. पत्र्याच्या खोलीत तो मिळत नाही. बळकटीकरणाने हे सुख टिकते आणि वास्तूचे मोलही वाढते. गावातील जुनी घरे पावसाळ्यापूर्वी तपासून घेण्याचे काम ग्रामपंचायतींनी अंगावर घ्यावे. भूकंप पूर्वसूचना देत नाही. भिंतीला पडलेली फूग मात्र देते.