भट्टीतली चित्रे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



बुधवारच्या आपल्या वाचनात रहस्यकथा निघाली की सतरंजी अपुरी पडते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. मागे एकदा कोणीसे म्हणाले, खून नको, रक्त नको. लबाडी असावी, थोडे देवाधर्माचे असावे आणि प्रेमही असावे. तशी कादंबरी काही मला मिळाली नाही. पण माझ्या भाच्याने एका चित्रकाराची हकीकत वाचावयास दिली, ती कादंबरीहून सरस निघाली, आणि घडलेली खरी! चित्रकलेत माझी मजल रांगोळीपर्यंतच. तरी ह्या हकीकतीत स्वयंपाकघराचा भाग बराच आहे, म्हणून धीर केला.

हॉलंडात सतराव्या शतकात व्हर्मीर नावाचा मोठा चित्रकार होऊन गेला. खिडकीशी उभी राहून दूध ओतणारी बाई, पत्र वाचणारी बाई, अशी त्याची चित्रे. आज ती जेमतेम पस्तीसच्या आसपास आहेत. त्यांत येशू ख्रिस्ताचे चित्र म्हणाल तर तरुणपणीचे एखादेच. तेव्हा ह्याने आणखीही धार्मिक चित्रे काढली असतील, ती कोठेतरी दडली असतील, असे जाणकारांना वाटे. वाटे म्हणजे, तशी आसच होती.

ही आस हान व्हान मेगरेन ह्या चित्रकाराने बरोबर ओळखली. त्याचा जन्म १८८९ चा. हात चांगला, पण टीकाकार त्याला जुन्या वळणाचा म्हणून हिणवीत. एका कलासमीक्षकाची पत्नी योहाना, रंगभूमीवर काम करणारी. तिचे नि ह्याचे जुळले. ह्याचा पहिला संसार मोडलाच होता, तिनेही आपला मोडला, आणि दोघांनी लग्न केले. (मागच्या ओळीतून "अगं बाई!" ऐकू आले. मीही वाचताना तेच म्हटले.) १९३२ साली दोघे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर राहावयास गेली.

तेथे त्याने घरात भट्टी बसविली. तैलरंग वरून सुकला तरी आतून पक्का होण्यास वर्षानुवर्षे लागतात. रंग नवा असेल तर स्पिरिटाचा बोळा लावताच उतरतो, आणि सोंग उघडे पडते. मग तीनशे वर्षांचा कडकपणा चार महिन्यांत आणावा कसा? त्याने रंगात बेकलाइटचे द्रव्य मिसळले. आपल्या कुकरच्या काळ्या मुठी बेकलाइटच्या असतात, त्याच जातीचे. चित्र काढावे आणि शंभर-सव्वाशे अंश उष्णतेत भाजावे! नानकटाई बिघडली तर आपण गाईला घालतो; ह्याची बिघडलेली चित्रे कोण खाणार? आच जास्त झाली की रंग करपत, कमी पडली की कच्चे राहत. चार वर्षे हाच उद्योग चालला होता. कापड मात्र खरेच जुने. सतराव्या शतकातले कोणाचे तरी सामान्य चित्र विकत घ्यावयाचे, त्यावरचा रंग खरवडावयाचा आणि त्यावर आपले चित्र रंगवावयाचे. भाजून झाले की लाटण्यासारख्या गोल दांड्यावर गुंडाळून त्याला भेगा पाडावयाच्या, आणि भेगांत काळी शाई भरावयाची, की ती तीनशे वर्षांची धूळ दिसावी.

असे त्याने एमाऊसचे चित्र केले. बायबलातली कथा अशी की, दोन शिष्यांना वाटेत एक पांथस्थ भेटतो. तो येशूच आहे हे त्यांना ओळखू येत नाही. जेवताना तो भाकरी मोडतो तेव्हा ओळख पटते. ओळखीच्या गोष्टीवरच ह्याने सगळ्यांना चकविले! १९३७ साली एका वकिलामार्फत हे चित्र ब्रेडियस ह्या ब्याऐंशी वर्षांच्या थोर पंडितांपुढे गेले. व्हर्मीरची ही सर्वांत श्रेष्ठ कृती, असा त्यांनी निर्वाळा दिला. रॉटरडॅमच्या संग्रहालयासाठी पाच लाखांहून अधिक गिल्डर मोजून ते घेतले गेले. लोक रांगा लावून पाहत आणि त्यापुढे मुकाट उभे राहत.

मग लोभ सुटला. महायुद्धात त्याने आणखी खोटे व्हर्मीर विकले. त्यांतला एक हिटलरचा सेनानी गोअरिंग ह्याच्याकडे गेला. युद्ध संपताच त्याचा माग लागला आणि मे १९४५ मध्ये मेगरेनला अटक झाली. देशाची अमोल ठेव शत्रूला विकली, हा आरोप. दीड महिना तो गप्प राहिला आणि मग म्हणाला, ते चित्र माझेच आहे! कोणाला खरे वाटेना. तेव्हा पहाऱ्यात बसवून त्याच्याकडून बाल येशूचे एक नवे चित्र काढून घेतले. रसायनतज्ज्ञांनाही जुन्या चित्रांत बेकलाइट सापडले. १९४७ च्या नोव्हेंबरात एक वर्षाची शिक्षा झाली. ती भोगण्यापूर्वीच ३० डिसेंबरला तो वारला. इतके होऊनही एका धनिकाची श्रद्धा ढळेना. आपल्याकडचे चित्र खरेच आहे म्हणून त्याने रसायनतज्ज्ञावरच दावा लावला!

आता माझी शंका. मेगरेन अखेरपर्यंत सांगत राहिला की बायकोला ह्यातले काही ठाऊक नव्हते. १९४३ साली दोघांनी कागदोपत्री घटस्फोटही घेतला होता, पैसा बराचसा तिच्या नावे केला होता, आणि राहत एकत्रच होती. मी विचारते, घरातल्या भट्टीत चार वर्षे काय भाजले जाते, हे घरच्या बाईला कळू नये? त्या रसायनाचा वास थेट कार्बोलिक साबणासारखा असतो. आपल्याला शेजारणीची फोडणी करपलेली कळते!

पण मग मी तिला नावे ठेवीनाशी झाले. त्याचे कारण आज प्रथमच सांगते. माझ्या जाऊबाई समोरच बसल्या आहेत, त्यांनी रागावू नये.

आमच्या देवघरातले चांदीचे टाक मामंजींनी हौसेने घडवून घेतलेले. एका दसऱ्याला मी ते चिंचेने घासले, तो खंडोबाच्या घोड्याच्या पाठीवर तांबे दिसू लागले. चांदीचा नुसता मुलामा! घडविणारा तर केव्हाच गाव सोडून गेलेला. सासूबाईंचा त्या खंडोबावर फार जीव. त्यांनी काय थोडे नवस त्याच्यापुढे बोलले आणि फेडले! मला काही बोलवेना. त्या दिवसापासून मी भंडारा जरा सढळ हाताने वाहू लागले. घोड्याची पाठ कायम पिवळी. अकरा वर्षे. ह्यांनाही सांगितले नाही.

सासूबाई शेवटच्या आजारात होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू, उठवत नव्हते. एका सकाळी मी पूजेची तयारी करीत असता त्यांनी जवळ बोलावले आणि हळूच म्हणाल्या, "टाकांना चिंच लावत जाऊ नकोस गं. नुसत्या पाण्याने धूत जा."

त्यांना केव्हापासून ठाऊक होते, हे मी विचारले नाही. टाक अजून तेच आहेत. एमाऊसचे चित्रही रॉटरडॅमच्या संग्रहालयाने टाकून दिलेले नाही. फक्त चित्रकाराचे नाव बदलले.

योहानाला ठाऊक होते की नव्हते, हे मात्र पोहे खाताना तुम्ही मला सांगावे. काकूंनी तर मघाशी मान हलविली, पण ती होकाराची की नकाराची हे मला इथून दिसले नाही.