एका अर्जामागे किती माणसे लागतात
(वार्षिक सभेत केलेले भाषण)



वसतिगृहाचा जमाखर्च आपण आताच ऐकला. धान्य, फी, औषधे, छपराची दुरुस्ती हे सगळे त्यात आहे. पुढच्या वर्षी त्यात एक नवी ओळ घालावी अशी आमची विनंती आहे: परदेशी शिष्यवृत्तीच्या अर्जांचा खर्च. हे ऐकून एका ज्येष्ठ बंधूंनी मला प्रेमानेच विचारले, "ज्या वाडीतली मुले दहावीच्या आतच शाळा सोडतात, तिथे विलायतेच्या गोष्टी कशाला?" प्रश्न रास्त आहे. मला आज त्याचेच उत्तर द्यायचे आहे.

आपल्या वसतिगृहात वाढलेली एक कातकरी मुलगी आज परिचारिका आहे. तिचे आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तीही लहानपणी भट्टीवर राहिली आहे. गेली तीन वर्षे ती भट्ट्याभट्ट्यांवर जाऊन बाळांच्या लसी आणि गरोदर बायांच्या तपासण्या पाहते. गावच्या यादीत नाव असते, पण माणूस भट्टीवर असतो. भट्टीजवळच्या आरोग्य केंद्राच्या यादीत तर नावच नसते. या दोन याद्यांच्या मधे बाळ राहून जाते. हे कसे थांबवायचे, ते तिला सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिकायचे आहे.

वाटा आहेत. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती 1983 पासून चालू आहे. ती एका वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च उचलते. त्यासाठी दोन वर्षांचा, म्हणजे 2,800 तासांचा, कामाचा अनुभव लागतो. आपल्या केंद्र सरकारचीही आदिवासी विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. साऱ्या देशात वर्षाला 20 जागा, त्यांतल्या 3 आदिम जमातींसाठी. देशात अशा 75 जमाती आहेत. आपल्या राज्यातल्या तीन म्हणजे कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड.

जागा थोड्या आहेत हे खरे. पण आपली मुले तिथे हरतात असे मला वाटत नाही. ती त्या दारापर्यंत पोचतच नाहीत. मधे तीन अडथळे आहेत.

पहिला कागदांचा. सरकारी शिष्यवृत्तीला जातीचा दाखला हवा. आपल्याकडे अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांच्या आज्याने शाळा पाहिली नाही, ज्यांच्या नावावर जमिनीचा तुकडा नाही, त्यांनी तो कुठून आणायचा? या मुलीसाठी आमचे कार्यकर्ते तहसील कचेरीत किती वेळा गेले, ते मोजायचे आम्ही सोडून दिले. शेवटी चुलत आजोबांच्या नावाची एक जुनी नोंद सापडली.

दुसरा अडथळा पैशाचा. शिष्यवृत्ती सगळा खर्च देते, पण निवड झाल्यावर. पारपत्र, गुणपत्रकांच्या प्रती, मुलाखतीचा प्रवास हा खर्च आधीचा. विद्यापीठे इंग्रजीची परीक्षा मागतात, तिची फी पंधरा हजारांच्या वर आहे. भट्टीवर उचल घेऊन जाणाऱ्या घराने ती कशी भरायची?

तिसरा अडथळा कुठल्या कचेरीत दिसत नाही. चेव्हनिंगच्या अर्जात निबंध लिहावे लागतात: तुम्ही पुढाकार कुठे घेतला, माणसे कशी जोडली, पुढे काय करणार. मागच्या वर्षी या मुलीने एकटीने अर्ज भरला. मुलाखतीचे बोलावणे आले नाही. नंतर तिने मला निबंध दाखवले. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत "आम्ही". आम्ही शिबिर घेतले, आम्ही यादी केली. मी विचारले, "यादी कोणी केली?" ती म्हणाली, "मीच केली, दादा. पण असं लिहिणं बरं दिसतं का?"

बंधूभगिनींनो, हा संकोच तिला वाडीने दिला आणि आपल्या मंडळीनेही दिला. तो चांगलाच आहे. पण नम्रता म्हणजे गप्प राहणे नव्हे. पवित्र शास्त्र मोशेला अतिशय नम्र म्हणते, तरी फारोपुढे उभे राहून त्याला बोलावेच लागले. आपण केलेले काम आपण केले असे सांगणे ही फुशारकी नाही, ती साक्ष आहे. आता ती "मी" लिहायला शिकते आहे. आम्ही फक्त प्रश्न विचारतो, उत्तरे तिचीच. गरिबीची कहाणी रंगवून लिही, असे आम्ही तिला सांगितलेले नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात पाच भाकरी आणि दोन मासळ्या एका मुलाजवळ होत्या. पण तो मुलगा आहे हे प्रभूला अंद्रियाने सांगितले. असा सांगणारा लागतो. केळुसकर गुरुजींनी तरुण भीमरावांना सयाजीराव महाराजांकडे नेले, महिना 25 रुपयांची मदत सुरू झाली, आणि 1913 मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. रांचीच्या सेंट पॉल्स शाळेतल्या एका मुंडा मुलाला प्राचार्य कॅनन कॉसग्रेव्ह यांनी इंग्लंडला नेले. तो मुलगा म्हणजे जयपाल सिंग. ऑक्सफर्डला शिकले, 1928 च्या ऑलिंपिकमध्ये भारताच्या हॉकी संघाचे कप्तान झाले, आणि पुढे घटना समितीत आदिवासींच्या वतीने बोलले.

दोन शंका अजून आहेत. ती परत येईल का? चेव्हनिंगची अटच आहे की शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहावे. पण अट नसती तरी मी हेच म्हणालो असतो, की मुलीला बांधून ठेवणे हे आपले काम नाही. दुसरी शंका हळू आवाजात विचारली गेली: ती उपासनेला येते का? मी उत्तर दिले नाही, आणि देणारही नाही. भाकरी वाटताना प्रभूने कोणाला हा प्रश्न विचारला नव्हता. आपला निधी बाप्तिस्म्याची नोंद पाहून दिला गेला, तर ती मदत न राहता सौदा होईल.

राहिला त्या ज्येष्ठ बंधूंचा प्रश्न. दहावीच्या आत गळणारी मुले भट्टीवरच गळतात, आणि ही मुलगी भट्टीवरचाच प्रश्न सोडवायला शिकू पाहते. तिचे शिक्षण आणि त्यांचे शिक्षण वेगळे काढता येत नाही.

तेव्हा तीन गोष्टी मागतो. अर्जखर्चासाठी वर्षाला दोन मुलांपुरती रक्कम. इंग्रजी सरावासाठी निवृत्त शिक्षकांचा आठवड्याला एक तास. आणि तुमच्यापैकी जे प्राध्यापक, डॉक्टर, अधिकारी आहेत, त्यांनी या मुलांचे काम स्वतः येऊन पाहावे, म्हणजे शिफारसपत्र खरे लिहिता येईल.

यंदाही निवड होईल याची खात्री नाही. नाही झाली, तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा असे तिने ठरवले आहे. तेव्हा ती एकटी नसावी, एवढेच मागणे. प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.