खंडित सेवा कोणाच्या खात्यावर?

(मनोरी येथील ग्रामस्थांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मार्वेच्या धक्क्यावरून आज होडीने येताना मी हातातल्या मोबाइलकडे पाहत होतो. पडद्यावर चारही रेघा भरलेल्या होत्या, आणि तरीही साधा दोन ओळींचा संदेश जाईना. शेजारी टोपली घेऊन बसलेल्या बाई म्हणाल्या, "मास्तर, पाण्यावर आलं की त्याला चक्कर येते." हे निदान शास्त्राला फारसे सोडून नाही. जमिनीवर इमारती आणि टेकड्या दूरच्या मनोऱ्यांच्या लहरी अडवतात. उघड्या पाण्यावरून मात्र त्या लांबवर येतात. परिणामी खाडीकाठच्या यंत्राला अनेक मनोऱ्यांची साद जवळपास सारख्याच जोराने ऐकू येते. ते एकाला धरते, सोडते, दुसऱ्याला धरते, आणि प्रत्येक सोडण्या-धरण्यात डेटाचा प्रवाह अडखळतो. रेघा लहरींचा जोर दाखवतात. त्या मनोऱ्यावर आपल्यासाठी जागा शिल्लक आहे की नाही, हे त्या सांगत नाहीत. मनोरीला मनोऱ्याचीच वाण असावी, हा शब्दांचा खेळ झाला. पण तो करण्याची वेळ आपल्यावर यावी हे खेदाचे आहे.

राजकीय सभेत यंत्राच्या गोष्टी कशाला, असे काहींना वाटेल. ज्या सोयीवर शिधापत्रिकेवरचे धान्य, बँकेचा सांकेतिक अंक, मासळीचे पैसे आणि वादळाचा इशारा अवलंबून आहे, ती सोय चैनीची राहिलेली नाही. रेशन दुकानातील यंत्रावर अंगठा उमटला आणि त्याच क्षणी जोडणी गेली, तर रांगेतल्या बाईचा अर्धा दिवस बुडतो. त्या अर्ध्या दिवसाची मजुरी कोणाच्याही ताळेबंदात दिसत नाही.

प्रथम आपल्या हाती काय आहे ते सांगतो. जोडणी काही सेकंद वापरली नाही की मनोरा ती तात्पुरती सोडतो. त्यात यंत्राची वीज वाचते आणि गरज पडताच ती पुन्हा जुळते. याला बिघाड समजू नये. खरा त्रास निराळा. फाइव्ह-जी जेथे अशक्त आहे तेथे यंत्र फोर-जी आणि फाइव्ह-जी यांमध्ये हेलकावे खाते. सेटिंगमध्ये जाऊन ते केवळ फोर-जीवर ठेवावे. बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली काही यंत्रे बँकेचे किंवा हवामानाचे अॅप पडद्यामागे झोपवतात. त्या अॅपपुरते हे बंधन काढावे. पत्र्याच्या छपराखाली लहरी अडतात, तेव्हा पैसे पाठवताना दारात किंवा गच्चीवर यावे. जोडणी अगदीच गोठली, तर विमान-मोड क्षणभर लावून काढला असता यंत्र मनोऱ्याचा नव्याने शोध घेते. घरात तारेचे इंटरनेट असेल तर वाय-फायवरून बोलण्याची सोय सुरू करावी. दोन कंपन्यांची दोन सिमे ठेवण्याचा सल्लाही मी दिला असता, परंतु एकाच सेवेसाठी गरिबाने दोनदा पैसे भरावेत हे माझ्या जिभेवर सहजासहजी येत नाही.

इतके करूनही मुसळधार पावसात वीज गेली आणि मनोऱ्याच्या बॅटऱ्या उतरल्या, तर यातले काहीच कामाला येत नाही. येथे यंत्राचा विषय संपतो आणि अर्थव्यवहाराचा सुरू होतो.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. २ फेब्रुवारी २०१२ रोजी याच न्यायालयाने लहरींच्या वाटपातील १२२ परवाने रद्द केले. लहरी आपल्या, त्या वापरून व्यवसाय करण्याचा परवाना कंपनीला. अशा व्यवहारात मालकाला निदान हिशेब मागता आला पाहिजे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१५ मध्ये तसा एक प्रयत्न केला: तुटलेल्या प्रत्येक कॉलमागे ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला. प्रत्येक कॉल कंपनीच्याच दोषाने तुटला असे गृहीत धरता येणार नाही, आणि शंभरात दोन कॉल तुटण्याची मुभा तर नियामकाच्याच मानकात आहे, असा त्यामागचा विचार होता. न्यायालयाचे तर्कशास्त्र मी नाकारत नाही. पण ही दोन टक्के सरासरी आहे. सबंध मुंबईची सरासरी काढली की मालाडच्या उंच इमारतींतील हजारो धड जोडण्यांत मनोरीच्या मूठभर तुटक्या जोडण्या विरघळून जातात. वर्गात मी वर्षानुवर्षे सरासरी शिकवली. तिच्या आड कोण उभे आहे हे विचारायला मात्र उशिरा शिकलो.

२०२४ च्या नव्या नियमांतही तोच दोष आहे. सेवा चोवीस तासांहून अधिक काळ बंद राहिली तर भाड्यात सूट किंवा मुदतवाढ मिळते, परंतु मोजणीचे एकक जिल्हा. मनोरी मुंबई उपनगर जिल्ह्यात आहे. खाडीपलीकडे दोन दिवस अंधार असला तरी जिल्हा काही अंधारात नसतो. तुलनेने बँकांकडे पाहा. यूपीआयने पैसे खात्यातून गेले आणि समोरच्याला पोहोचले नाहीत, तर ठरलेल्या मुदतीनंतर दर दिवशी शंभर रुपये भरपाई द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये बजावले. तेथे मोजणी एकेका व्यवहाराची आहे. मग दूरसंचारात ती एकेका मनोऱ्याची का असू नये?

कंपनीचा युक्तिवाद ठाऊक आहे: माणसे थोडी, मनोऱ्याचा खर्च निघत नाही. खासगी नफ्याच्या हिशेबाने तो बरोबरही असेल. नेमक्या याच कारणासाठी २००२ मध्ये सार्वत्रिक सेवा निधी उभारण्यात आला आणि कंपन्यांच्या समायोजित उत्पन्नाचा ५ टक्के हिस्सा त्यात येऊ लागला. हा निधी खेड्यांसाठी. आणि मनोरी, होडीने जावे लागले तरी, कागदोपत्री महानगर. खेड्याचे हाल आणि शहराचा शिक्का, असा हा दुहेरी तोटा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने मात्र या निधीला 'डिजिटल भारत निधी' असे नाव देताना ग्रामीण व दुर्गम भागांबरोबर अपुरी सेवा मिळणारे शहरी भागही त्याच्या कक्षेत आणले. हा एक शब्द आपल्या कामाचा आहे. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले, ते मनोरीला वगळून नव्हे.

मी स्वतः माझ्या कंपनीकडे तक्रार केली. 'आपल्या परिसरातील सेवा समाधानकारक आहे' असे उत्तर आले, आणि तेही जोडणी नसल्यामुळे दुसऱ्या दिवशी वाचायला मिळाले. तरीही तक्रार करावी, तिचा क्रमांक लिहून ठेवावा, आणि उत्तर न पटल्यास त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जावे. नियामक एकेकट्याची तक्रार हाताळत नाही. परंतु ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तेथे शुल्क नाही.

आयोगापुढे किंवा निधीकडे जायचे तर पुरावा हवा. धक्क्यावरच्या चहाच्या दुकानात एक वही ठेवण्याचे दुकानदाराने मान्य केले आहे. जोडणी गेली की तारीख, वेळ, जागा आणि कंपनी एवढेच लिहावे. वीज होती की नव्हती हेही लिहावे, म्हणजे दोष कोणाचा यावर वाद उरणार नाही. पावसाळ्याचे चार महिने भरू द्या. पहिली नोंद आजच्या होडीतली, ती मी येतानाच करून आलो आहे.