शाळेत कोणता प्राणी पाळावा : ससा की गिनीपिग?
(कासारसाई येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



परिसर अभ्यासाच्या पाठाला जोड म्हणून वर्गात एखादा लहान प्राणी पाळावा, अशी इच्छा आपणांपैकी अनेकांच्या मनात असते. मुलांकडूनही तसा हट्ट होतो. अशा वेळी दोन नावे पुढे येतात : एक ससा व दुसरे गिनीपिग. या दोहोंतून निवड कशी करावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय लहान दिसतो. परंतु एक मुका जीव आणि पंचवीस-तीस बालके यांचा परस्परांशी संबंध येणार असल्यामुळे त्याचा विचार गांभीर्याने केला पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द आपण दोन निराळ्या प्राण्यांस लावतो. आपल्या माळावर व उसाच्या कडेला दिसणारा ससा हा रानससा होय. त्याचे पिल्लू जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांचे असते, आणि ते बिळात न राहता गवताच्या खोलगट जागेत निश्चल बसून राहते. पांढरा पाळीव ससा हा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडील बिळे करणाऱ्या सशांचा वंशज. त्याची पिल्ले उघडी व आंधळी जन्मतात आणि सुमारे दहा दिवसांनी डोळे उघडतात.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. कापणीच्या किंवा ऊसतोडीच्या वेळी एखाद्या मुलास रानसशाचे पिल्लू सापडते व ते कौतुकाने शाळेत घेऊन येते. पिल्लू एकटे दिसले म्हणजे पोरके झाले, अशी त्याची समजूत असते. वास्तविक रानसशीण दिवसभर मुद्दाम दूर राहते व अंधार पडल्यावर पिल्लास पाजावयास येते. म्हणून पिल्लू जेथे सापडले तेथेच, कोयत्यापासून व कुत्र्यांपासून सुरक्षित अशा बांधाला, परत ठेवावयास सांगावे. शिवाय रानससा हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली संरक्षित आहे. त्यास पकडणे व पाळणे हा गुन्हा होय. तेव्हा शाळेत ठेवावयाचा ससा तो पाळीव जातीचाच, हे आपण पक्के ध्यानात ठेवावे.

आता गिनीपिगकडे वळू. नावात ‘पिग’ असले तरी याचा डुकराशी काही संबंध नाही. हा उंदीर-खारीप्रमाणे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या वर्गातील असून दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातील लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्यास माणसाळविले. त्याची पिल्ले सुमारे नऊ-दहा आठवडे गर्भात राहून केस, दात व उघडे डोळे घेऊनच जन्मास येतात. सशिणीचा गर्भकाळ मात्र सुमारे 31 दिवसांचा असतो. जास्त दिवस गर्भात राहणारे पिल्लू अधिक तयार होऊन जन्मते, हा धडा या दोन प्राण्यांच्या तुलनेतून मुलांस सहज समजतो.

दोघांचे स्वभाव निरनिराळे आहेत. ससा आकाराने मोठा, चपळ व भित्रा. घाबरल्यास तो मागच्या पायांनी जोराने झाडतो. नीट आधार न देता धरले असता त्या झटक्याने त्याचाच कणा मोडू शकतो. कान धरून उचलण्याची रीत आपल्याकडे सर्रास दिसते. ती क्रूर आहे, हे मुलांच्या मनावर ठसवावे. गिनीपिग त्या मानाने संथ. तो क्वचितच चावतो, आणि ओळखीच्या माणसाची चाहूल लागताच शीळ घातल्यासारखा आवाज करून खाऊ मागतो. परंतु त्यासही उंचावरून पडणे सोसत नाही. म्हणून मुलाने जमिनीवर मांडी घालून बसावे व मगच प्राणी मांडीवर घ्यावा, हा नियम दोहोंस सारखाच लागू करावा.

आहाराच्या बाबतीत मात्र मोठा फरक आहे. ससा आपल्या शरीरात ‘क’ जीवनसत्त्व तयार करू शकतो. गिनीपिगला ते जमत नाही. या बाबतीत तो माणसासारखा आहे. 1907 साली नॉर्वेमधील होल्स्ट व फ्रोलिख या दोन संशोधकांनी गिनीपिगना केवळ धान्य खावयास घातले असता त्यांस स्कर्व्ही हा रोग झाला, आणि त्या शोधातून पुढे ‘क’ जीवनसत्त्वाचा मार्ग सापडला. तेव्हा गिनीपिग पाळणाऱ्या शाळेने पेरूची लहान फोड, ढोबळी मिरची किंवा कोथिंबीर यांपैकी काहीतरी रोज दिलेच पाहिजे. बाकी दोघांचेही मुख्य अन्न वाळलेले व हिरवे गवत हेच होय. त्यांचे दात जन्मभर वाढतात व गवत चावूनच ते झिजतात. गाजर, पोळी, बिस्किटे ही त्यांची खरी खाद्ये नव्हेत. शाळेच्या कुंपणाला लाविलेली कण्हेर, तसेच घाणेरी, रुई व धोतरा ही विषारी असल्याने त्यांचा पाला पिंजऱ्याजवळसुद्धा येऊ देऊ नये.

दोघांसही उष्मा सोसत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत ठेवलेला प्राणी एका दुपारीत दगावू शकतो. ओले पोते, हवेशीर सावली व ताजे पाणी यांची सोय नसेल तर हा विचारच सोडून द्यावा. रात्री मांजर, कुत्रे व मुंगूस यांपासून रक्षण व्हावे म्हणून पिंजऱ्यास बारीक, मजबूत जाळी हवी. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात व उंदरांमागे साप येतो. यास्तव रोजची झाडलोट आवश्यक आहे. प्राण्याच्या अंगावरून मुलांस गजकर्णाची बाधा होऊ शकते, म्हणून हाताळल्यानंतर साबणाने हात धुण्याची शिस्त लावावी.

गिनीपिग हा कळपात राहणारा प्राणी असल्यामुळे त्यास एकटा ठेवणे म्हणजे शिक्षाच होय. स्वित्झर्लंडमध्ये तर 2008 पासून त्यास सोबतीशिवाय ठेवण्यास कायद्याने मनाई आहे. निदान दोन असावेत, व ते एकाच लिंगाचे असावेत. नर-मादी एकत्र ठेविल्यास काही महिन्यांतच पिंजरा अपुरा पडेल. लिंगाची खात्री पशुवैद्यकीय दवाखान्यात करून घ्यावी. गिनीपिगला सोबत म्हणून ससा ठेवू नये. सशाच्या लाथेने त्यास इजा होते, व सशाच्या अंगी असणारे काही जंतू त्यास बाधतात.

या दोन्ही प्राण्यांचे आपल्या प्रांतावर ऋण आहे, हेही मुलांस सांगण्यासारखे आहे. 1896 साली मुंबईत प्लेग उद्भवला तेव्हा डॉ. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केलेली लस प्रथम सशांवर व नंतर, 10 जानेवारी 1897 रोजी, स्वतःवर टोचून पाहिली. पुढे 1905 नंतर प्लेग संशोधन आयोगाने मुंबईतील प्लेगग्रस्त घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर जमणाऱ्या पिसवा तपासल्या. उंदरांवरील पिसवांमुळे हा रोग माणसांत येतो, हे सिद्ध होण्यास त्या प्रयोगांची मोठी मदत झाली.

आता निर्णयाकडे येऊ. माझ्या मते पहिली ते चौथीच्या शाळेस गिनीपिगची जोडी अधिक योग्य. जागा कमी लागते, हाताळणे सोपे जाते व मुलांशी त्यांची ओळख लवकर पटते. त्यांचे आयुष्य साधारण पाच ते सात वर्षांचे असते. ससा आठ-दहा वर्षे जगतो; त्यास धावावयास ऐसपैस व बंदिस्त आवार लागते. तशी जागा असेल व वरच्या वर्गांची समंजस मुले असतील तरच ससा घ्यावा.

परंतु या निवडीपूर्वी एक प्रश्न विचारावा : दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत या जिवांस गवतपाणी कोण घालील? रविवारी कोण येईल? शिक्षकाची बदली झाल्यास जबाबदारी कोणाकडे जाईल? या प्रश्नांची उत्तरे नावानिशी कागदावर लिहून भिंतीवर लाविता येत नसतील, तर ससाही नको व गिनीपिगही नको. त्याऐवजी खिडकीबाहेर चिमण्यांसाठी पाण्याचे भांडे टांगावे. पाळलेला प्राणी नकोसा झाला म्हणून रानात सोडून देणे हा तर दुहेरी अपराध आहे. पिंजऱ्यात वाढलेला जीव तेथे बहुधा एक रात्रही काढू शकत नाही. आणि तगलाच तर काय अनर्थ होतो, हे 1859 साली ऑस्ट्रेलियात सोडलेल्या मूठभर सशांनी जगास दाखविले आहे. त्यांच्या संततीने पुढे तेथील कुरणे फस्त केली.

सोय होत असेल तर मात्र अवश्य पाळावे. दर सोमवारी वजन करून नोंदवहीत लिहावे. त्यावरून मुलांस आलेख काढावयास लावावे. वजन घटले म्हणजे प्राणी आजारी आहे, हे इतर लक्षणांच्या आधी कळते. पाळीप्रमाणे गवत आणणे, पाणी बदलणे व पिंजरा झाडणे ही कामे मुलामुलींस सारखी वाटून द्यावीत. ज्यास बोलता येत नाही त्याची भूक ओळखावयास जे मूल शिकले, ते शेजारच्या बाकावरील उपाशी सोबत्याकडेही दुर्लक्ष करणार नाही. हे शिक्षण आपल्या हातून घडावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.