वायुविहिरीतील गंधक आणि द्रावकाचे स्थैर्य

जमिनीतून निघणारा सर्वच नैसर्गिक वायू सारखा नसतो. ज्यात हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण लक्षणीय असते, त्यास तंत्रज्ञ 'आंबट वायू' म्हणतात. फ्रान्समधील लाक येथे १९५१ साली सापडलेल्या साठ्यातील वायूत हे प्रमाण सुमारे १५ टक्के होते.

भूगर्भातील प्रचंड दाब व उष्णता यांमुळे असा वायू गंधक स्वतःत सामावून घेतो. वर येताना दाब व तापमान उतरले की ही क्षमता घटते आणि गंधक नळीत साचू लागते. नळी तुंबते, उत्पादन थांबते. ओलाव्याच्या सान्निध्यात गंधक पोलादही कुरतडते. हा वायू अत्यंत विषारी आहे. चीनमधील काय परगण्यात डिसेंबर २००३ मध्ये एका विहिरीवरील ताबा सुटला आणि २४३ माणसे मृत्युमुखी पडली. त्या दुर्घटनेचे मूळ साचलेल्या गंधकात नव्हते. तथापि अशा विहिरीची नळी व झडपा सुस्थितीत राखणे किती निकडीचे आहे, हे तीवरून उमगते.

यावरील एक उपाय म्हणजे नळीत द्रावक सोडणे. खनिज तेले गंधक केवळ विरघळवितात. त्यांची क्षमता बेताचीच असते. डायमिथाइल डायसल्फाइड मात्र योग्य उत्प्रेरक मिळाल्यास गंधकाशी संयोग पावते आणि आपल्या वजनाहून अधिक गंधक सामावून घेऊ शकते.

परंतु जे द्रावक गंधकाशी तत्परतेने संयोग पावते, ते इतरांशीही पावू शकते. विहिरीतील आम्लधर्मी वायू अमाइन उत्प्रेरकास निष्प्रभ करू शकतात. हायड्रोजन सल्फाइडशी प्रक्रिया होऊन डायसल्फाइडपासून मिथाइल मर्कॅप्टन हा दुर्गंधीयुक्त पदार्थ बनू शकतो. कार्बन डायसल्फाइड गंधक सहज विरघळविते. पण ते अतिशय ज्वालाग्राही असून अमाइनशी त्याचा संयोग होतो.

म्हणून द्रावकाची निवड केवळ पहिल्या दिवशीच्या क्षमतेवरून करणे योग्य नव्हे. विहिरीतीलच दाब, उष्णता व वायू यांच्या सान्निध्यात, पुनःपुन्हा वापरानंतर ते कितपत टिकते, याची चाचणी आवश्यक होय.

मुंबईच्या किनाऱ्यापलीकडील वसई क्षेत्राच्या वायूतही हायड्रोजन सल्फाइड असतो. लाकच्या मानाने तो अत्यल्प असून गुजरातमधील हजिरा येथे तो वेगळा केला जातो. अशा शुद्धीकरणात वापरली जाणारी अमाइनची द्रावणेही उष्णतेने व अशुद्धींमुळे कालांतराने बिघडतात. तेथेही नियमित तपासणीस पर्याय नाही. रसायनाचा गुण त्याच्या टिकाऊपणासह पारखला, तरच उत्पादन व मनुष्यजीवन ही दोन्ही सुरक्षित राहतील.